काँक्रीटमधला नांगर



'अँकर' या शब्दाचा मूळ अर्थ नांगर. मनोरीत उभे राहून नांगराविषयी बोलताना मला थोडा संकोच वाटतो, कारण समोर बसलेल्यांपैकी पुष्कळांच्या घरांत होडीचा नांगर पिढ्यान्पिढ्या ओळखीचा आहे. चिखलात रुतणारा नांगर वेगळा, खडकात अडकणारा वेगळा. आणि नांगर कितीही वजनदार असला तरी त्याने तळ धरला नाही तर होडी वाहत जाते, हे कोळी बांधवांना कोणी शिकवावे लागत नाही. इमारतीत भिंतीला, छताला किंवा जमिनीला एखादी वस्तू पक्की करण्यासाठी भोक पाडून जो बोल्ट बसवतात, त्यालाही अँकरच म्हणतात. आपले कारागीर त्याला फास्टनर म्हणतात, जुनी मंडळी रॉल बोल्ट म्हणतात. या नांगराच्या बाबतीत मात्र तळ कसला आहे हे कोणी विचारीत नाही. दुकानात जायचे, 'दहा एमएमचे चार फास्टनर द्या' म्हणायचे, मशीनने भोक पाडायचे, हातोडीने ठोकायचे आणि पान्ह्याने आवळायचे, झाले काम! पुढे त्याच्यावर काय लटकणार, ते किती वर्षे लटकणार, आणि खाली कोण उभे असणार, हे प्रश्न त्या चार बोल्टांच्या किमतीत बसत नाहीत.

मी इंजिनिअर नव्हे. कामगार संघटनेच्या कामात अपघातांच्या चौकशांना बसावे लागले. तेथे समोरची बाजू जे शब्द वापरी ते कळेनात, म्हणून पुस्तके उघडली, आणि मग पुस्तकांचा नाद लागला. तेव्हा आज जे सांगणार आहे ते हिशेब करून बोल्ट ठरवणाऱ्या तज्ज्ञासाठी नाही. ज्यांच्या घरावर बोल्ट बसतात आणि जे ते बसवतात, त्यांच्यासाठी आहे.

पूर्वी भिंत रचतानाच गवंडी तीत लाकडी खुंटी बसवून घेत असे. आजही सर्वांत भरवशाचा अँकर तोच, जो काँक्रीट ओतण्यापूर्वी सळ्यांच्या जाळीत अडकवून ठेवलेला असतो. छतातला पंख्याचा हूक हे त्याचे घरगुती उदाहरण. परंतु माणसाला सगळे आधी सुचत नाही. भिंत उभी राहिल्यावर फळी हवीशी वाटते, सज्जा झाल्यावर पत्र्याची शेड आठवते. मग टणक झालेल्या वस्तूत भोक पाडून पकड निर्माण करणे आले. १९१० च्या सुमारास लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंती न विद्रूप करता विजेचे सामान बसवायचे होते. तेव्हा जॉन रॉलिंग्ज नावाच्या कंत्राटदाराने तागाचे तंतू चिकटवून केलेला एक पोकळ गट्टू काढला. भोकात गट्टू, गट्टूत स्क्रू. स्क्रू पिळला की गट्टू फुगतो आणि भोकाच्या कडांना दाबून धरतो. आपल्याकडचे 'रॉल' हे नाव त्याच रॉलिंग्जचे. पुढे १९५८ साली आर्टुर फिशर या जर्मन कारागिराने नायलॉनचा गट्टू काढला. आज घरोघर कॅलेंडरापासून नळाच्या क्लिपांपर्यंत सगळे ज्या गिट्टीवर टांगलेले असते, ती याच कुळातली.

बोल्ट काँक्रीटला धरतो तो तीन रीतींनी. पहिली रीत घर्षणाची: बोल्टचे टोक किंवा त्याभोवतालची नळी फुगते आणि भोकाच्या भिंतीला आतून रेटते. आपल्या बाजारातले बहुतेक फास्टनर या जातीचे. दुसरी रीत अडकवणीची: बोल्ट आत जाऊन रुंद होतो, किंवा स्वतःचे आटे काँक्रीटमध्ये कापत जातो. तिसरी रीत डिंकाची: भोकात रसायन भरतात आणि त्यात आट्यांची सळई फिरवून बसवतात. कारागीर त्याला केमिकल म्हणतात. यांतली कोणतीही रीत मुळात वाईट नाही. प्रत्येकीची जागा मात्र वेगळी आहे.

पुष्कळांची अशी समजूत असते की बोल्ट लोखंडाचा आहे, जाड आहे, म्हणजे तो तुटणार नाही, म्हणजे काम पक्के. तो तुटत नाहीच! बोल्ट साबूत राहतो आणि त्याच्याबरोबर काँक्रीटचा एक तुकडा उपटून येतो. हा तुकडा पाहण्यासारखा असतो: आत निमुळता, बाहेर पसरट, उपड्या भोपळ्याच्या फुलासारखा. त्याच्या तोंडाची रुंदी बोल्टच्या खोलीच्या साधारण तिप्पट भरते. पुढचे सगळे नियम या एका आकारातून निघतात. दोन बोल्टांतले अंतर खोलीच्या तिपटीपेक्षा कमी असेल तर दोघांच्या वाट्याला एकच तुकडा येतो, आणि चार बोल्ट मारूनही बळ चौघांचे मिळत नाही. कडेपासूनचे अंतर दीडपटीहून कमी असेल तर तुकडा एका बाजूने अपुराच असतो. शिवाय फुगणारा बोल्ट स्वतःच काँक्रीटला रेटत असल्यामुळे बाल्कनीच्या पातळ कठड्याची कड नुसते आवळतानाच फुटते. अशा कडेजवळ न रेटणारा, म्हणजे केमिकलचा, बोल्ट बरा.

उलट, खोली वाढवली की लाभ मोठा. ५० मिलीमीटर खोल बोल्ट १०० मिलीमीटर केला तर बळ दुप्पट होत नाही, सुमारे पावणेतीन पट होते. जाडी वाढवून हा लाभ मिळत नाही. म्हणून दुकानदाराने 'जाड घ्या, पक्का बसेल' असे म्हटले तर त्याला लांबी विचारावी. आणि लांबी विचारताना आणखी एक गोष्ट विसरू नये: खोली काँक्रीटची मोजायची, गिलाव्याची नव्हे. बाहेरच्या भिंतीवर २० ते २५ मिलीमीटर गिलावा असतो. ६० मिलीमीटरच्या बोल्टातले इतके अंतर गिलाव्यात गेले, थोडी लांबी कंसाच्या पट्टीत व नटात गेली, तर खऱ्या पकडीला उरले काय?

येथे मी एका चौकशीची हकीकत सांगतो. उपनगरातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर वातानुकूलन यंत्राचा बाहेरचा डबा दुरुस्त करायला एक फिटर उतरला होता. पाय ठेवायला दुसरी जागा नव्हती, म्हणून तो डब्याखालच्या लोखंडी कंसावर उभा राहिला. कंस भिंतीतून सुटला. माणूस वाचला, पण कंबरेतून अधू झाला. चौकशीत मालकाच्या वतीने सांगण्यात आले की बोल्ट नामांकित बनावटीचा होता, त्याच्या पत्रकावर हजार किलोंहून अधिक बळ छापलेले होते, सबब दोष कामगाराचा. पत्रक खोटे नव्हते. चांगल्या काँक्रीटमध्ये ५० मिलीमीटर खोल, सर्व कडांपासून दूर बसलेला बोल्ट सुटण्यापूर्वी हजार-दीड हजार किलोंची ओढ सोसतो. हिशेबात त्याच्या निम्मीसुद्धा धरीत नाहीत. पण तो बोल्ट काँक्रीटमध्ये होताच कुठे? खिडकीखालची भिंत हलक्या ब्लॉकांची होती, ज्यांना मुंबईत सरसकट सिपोरेक्स म्हणतात. हा ब्लॉक हवेच्या बुडबुड्यांनी भरलेला असतो; नखाने ओरखडा निघतो. त्यात फुगणारा बोल्ट आवळला की भोकाच्या कडांचा भुगा होतो आणि बोल्ट त्या भुग्यात बसून राहतो. पत्रकावरचा आकडा काँक्रीटचा होता, भिंत दुसऱ्याच कशाची होती.

आता त्या कंसाचा हिशेब करू. डबा ४० किलोंचा धरा. दोन कंसांवर वीस-वीस किलो. डब्याचा मध्य भिंतीपासून २५ सेंटिमीटर बाहेर, आणि कंसाच्या वरच्या बोल्टापासून खालच्या टेकणापर्यंत ३५ सेंटिमीटर. तरफेच्या नियमाने वरच्या बोल्टला भिंतीबाहेर ओढणारे बळ येते २० गुणिले २५ भागिले ३५, म्हणजे १४ किलो. हे काहीच नाही. ब्लॉकच्या भिंतीतही ते वर्षानुवर्षे निभते, आणि म्हणूनच सर्वांना वाटते की काम ठीक आहे. आता ७० किलोंचा माणूस एकाच कंसाच्या टोकाजवळ, भिंतीपासून ४५ सेंटिमीटरवर, पाय देतो. ७० गुणिले ४५ भागिले ३५, म्हणजे ९० किलोंची भर. चौदाचे एकशे चार झाले, आणि तेही माणूस अगदी हळूच उभा राहिला तर. खऱ्या काँक्रीटने या ओढीकडे लक्षही दिले नसते. ब्लॉकसाठी लांब नायलॉनचे गट्टू किंवा जाळीच्या नळीत भरलेले केमिकल मिळते. आणि त्याहून चांगले म्हणजे भिंतीतून आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूला पट्टी लावणे. अर्थात हे सगळे केले तरी कंस ही उभे राहण्याची जागा नव्हे. कमरेला पट्टा हवा, आणि तो पट्टा त्याच कंसाला बांधलेला नसावा. हसू नका, मी तसाही बांधलेला पाहिला आहे.

भिंत ओळखणे अवघड नाही. ड्रिल आत जाताना कोणता चुरा बाहेर पडतो ते पाहावे. लाल चुरा विटेचा, पांढराफटक व मऊ चुरा हलक्या ब्लॉकचा, करडा चुरा आणि खडीवर अडखळणारे ड्रिल म्हणजे काँक्रीट. ड्रिल एकदम आत पडले तर पोकळ ब्लॉक. ड्रिल करकरून थांबले आणि चुऱ्यात चकचकीत कण दिसले तर सळई लागली; ती कापून पुढे जाऊ नये. बीम-कॉलमच्या सळ्या इमारतीच्या आहेत, आपल्या शेडच्या नाहीत.

काँक्रीट आहे एवढ्यानेही भागत नाही. काँक्रीट दाबाला बळकट आणि ताणाला दुबळे. स्लॅबचा व बीमचा खालचा भाग सहसा ताणात असतो, म्हणून तेथे केसासारख्या चिरा पडतातच, आणि त्या असणे हा दोष नव्हे. पण चीर नेमकी बोल्टच्या भोकातून गेली तर भोक किंचित रुंदावते. काँक्रीटची धरण्याची शक्ती अशा वेळी सुमारे तीस टक्क्यांनी घटते. साधा फुगणारा बोल्ट तर पकडच सोडू शकतो. यासाठी चिरलेल्या काँक्रीटमध्ये मुद्दाम तपासलेले बोल्ट मिळतात, जे भोक रुंदावले की आणखी फुगतात. छताला जड वस्तू टांगायची असेल तर पत्रकावर 'चिरलेल्या काँक्रीटसाठी' हे शब्द आहेत का, एवढे पाहावे. किंमत जास्त पडते. छताखाली माणसे बसतात.

आता काळाचा प्रश्न. याविषयी सर्वांत मोठे दोन धडे परदेशांतून आले आहेत. अमेरिकेत बोस्टन शहरी १० जुलै २००६ च्या रात्री बोगद्याच्या छताचे सुमारे २६ टन वजनाचे काँक्रीटचे फलक एका मोटारीवर कोसळले आणि मोटारीतली स्त्री ठार झाली. फलक केमिकलने बसवलेल्या बोल्टांवर टांगलेले होते. बसवल्यावर बोल्ट ओढून पाहिले होते, आणि ते त्या परीक्षेत उतरलेही होते. मग झाले काय? डांबराचा गोळा हातोडीने मारला तर खडकासारखा फुटतो. तोच गोळा उन्हात वजनाखाली ठेवला तर संथपणे वाहतो. वापरलेले लवकर आवळणारे रसायन असेच होते. क्षणभराच्या ओढीला ते टणक होते, पण सततच्या ओझ्याखाली रोज थोडे थोडे सरकत होते. शेजारच्या बोगद्यात काही बोल्ट सरकलेले १९९९ सालीच दिसले होते. ते काढून पुन्हा बसवले, ओढून पाहिले आणि काम पुढे चालू ठेवले. का सरकले, हा प्रश्न तडीस गेला नाही.

दुसरा धडा जपानचा. तेथील सासागो बोगद्यात २ डिसेंबर २०१२ रोजी छताचे फलक शंभराहून अधिक मीटर लांबीत खाली आले आणि नऊ माणसे मेली. बोगदा १९७७ साली सुरू झालेला, म्हणजे बोल्ट पस्तीस वर्षांचे. येथेही रसायनाने धरलेले, येथेही डोक्यावर सरळ खाली ओढणारे वजन. आणि येथे आणखी एक गोष्ट होती: वरच्या भागातले बोल्ट हातोडीने ठोकून तपासण्याचे काम अनेक वर्षे झालेच नव्हते.

यावरून केमिकलच्या नावाने खडे फोडण्याचे कारण नाही. काही कामांत त्याच्याएवढे चांगले दुसरे साधन नाही. परंतु छताला सतत लटकणाऱ्या ओझ्यासाठी दीर्घकाळच्या भाराला तपासलेलेच रसायन घ्यावे, आणि भोक साफ करण्याची रीत पाळावी: फुंकणी, मग तारेचा ब्रश, मग पुन्हा फुंकणी, आणि पत्रकात सांगितले असेल तितक्या वेळा. भोकात भुकटी राहिली तर डिंक काँक्रीटला चिकटत नाही, भुकटीला चिकटतो. तोंडाने फुंकर मारून हे होत नाही. डोळ्यांत भुकटी मात्र जाते. नगावर मजुरी मिळणाऱ्या माणसाला एका भोकामागची ही दोन मिनिटे स्वतःच्या खिशातून द्यावी लागतात. दिवसाला चाळीस भोके असतील तर हा सव्वा तासाहून अधिक वेळ होतो. रसायनाची निवड कोणी कितीही अचूक केली, तरी या सव्वा तासाची मजुरी जो देत नाही त्याने ती निवड रद्दच केलेली असते.

मनोरीला, गोराईला, किंवा खाडीपलीकडे मार्व्याला राहणाऱ्यांना वेगळ्याने सांगावयास हवे ते खाऱ्या वाऱ्याविषयी. बाजारातल्या पिवळसर किंवा चकचकीत बोल्टांवर जस्ताचा जो मुलामा असतो तो मिलीमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाएवढा. कोरड्या खोलीत तो पुरतो. समुद्राकाठी पावसाळ्यातच त्यावर तांबूस डाग दिसू लागतात. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेल्या बोल्टांवर याच्या आठ-दहा पट जाड थर असतो. ते मळकट दिसतात, पण टिकतात. स्टेनलेसमध्येही दोन जाती लक्षात ठेवाव्या: ३०४ आणि ३१६. भांड्यांसाठी वापरतात त्यातली ३०४ ही जात खाऱ्या हवेत डागाळते व बारीक खड्डे पडून कुरतडली जाते. समुद्रासमोर ३१६ च मागावी. कंस एका धातूचा आणि बोल्ट दुसऱ्या धातूचा असला तर दोघांतला अधिक क्रियाशील धातू आधी झिजतो, हेही ध्यानात असावे. गंजाची दुसरी खोड अशी की तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. बोल्ट आत गंजला की भोवतालच्या काँक्रीटची खपली उडवतो. बाहेरचा नट फक्त डागाळलेला दिसत असताना आतला दांडा निम्मा झालेला असू शकतो.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा छत्रपती शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, हे दुःख महाराष्ट्र विसरलेला नाही. त्या पडण्याची कारणे एकच नव्हती, आणि त्यांच्या वादात मी शिरत नाही. पण त्याआधी सहाच दिवस सार्वजनिक बांधकाम विभागाकडून एक पत्र गेले होते, आणि पुतळ्याचे नट-बोल्ट समुद्राच्या वाऱ्याने व पावसाने गंजले असल्याचे त्यात म्हटले होते. नऊ महिन्यांत बोल्टांवर गंज! किनाऱ्यावर बोल्ट निवडताना हा मुदतीचा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा.

वाऱ्याच्या रेट्याविषयीही आपला अंदाज हमखास चुकतो. घाटकोपरला छेडानगरच्या पेट्रोलपंपावर १३ मे २०२४ रोजी वादळात जाहिरातीचा अवाढव्य फलक पडून १७ माणसे गेली. महापालिकेच्या नियमाने ४० फूट लांब व ४० फूट रुंद ही मर्यादा. हा फलक १२० फुटांच्या घरातला. तो बोल्टांमुळे नव्हे, अपुऱ्या पायामुळे पडला, पण हिशेब तोच. पुढे तपासात व्हीजेटीआयच्या तज्ज्ञांचा जो अहवाल प्रसिद्ध झाला त्यानुसार फलकाची रचना ताशी ४९ किलोमीटर वाऱ्याला पुरेल एवढीच होती. मुंबईसाठी धरावयाचा वेग ताशी १५८ किलोमीटर. सामान्य माणूस म्हणेल, तिप्पट कमी. तसे नाही. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग तिप्पट तर रेटा नऊपट. ताशी ४९ ला एका चौरस मीटरवर सुमारे ११ किलोंचा रेटा, ताशी १५८ ला सुमारे ११८ किलोंचा. आता आपल्या गल्लीतल्या दुकानाची दहा फूट बाय चार फुटांची पाटी घ्या. क्षेत्र पावणेचार चौरस मीटर. जोराच्या वादळात तिच्यावर ४४० किलोंच्या आसपास रेटा. पाटीचे स्वतःचे वजन वीस-पंचवीस किलो असते, आणि बोल्ट त्या वजनाकडे पाहून घेतलेले असतात. शेडच्या पत्र्याला तर वारा खालून वर उचलतो. तेथे बोल्टवर वजन नाहीच, उलट ओढ आहे.

मग बोल्ट निवडायचा कोणी? आज तो सर्वांत शेवटचा माणूस निवडतो. मालकाने कंत्राटदाराला दिले, कंत्राटदाराने पोटकंत्राटदाराला, त्याने फिटरला. आणि फिटर स्वतःच्या पैशांनी जवळच्या दुकानातून जे मिळेल ते आणतो. बोल्ट सुटला की चौकशीचे बोट त्याच्याकडे वळते. ज्याला वजन माहीत आहे, भिंत कसली आहे हे नकाशावरून कळते आणि पैसे ज्याच्या हाती आहेत, त्याने बोल्टची जात, व्यास, खोली व अंतर कागदावर लिहून द्यावे, सामान स्वतः पुरवावे, आणि चार बोल्टांतला एक ओढून पाहण्याचे यंत्र कामावर आणावे, ही आमच्या संघटनेची मागणी आहे. सोसायट्यांच्या कार्यकारिणींनाही हे करता येईल. बाहेरच्या भिंतीला काही लावण्याची परवानगी देताना अर्जावर एक ओळ वाढवावी: कशात, कोणता, किती खोल.

जुन्या बोल्टांसाठी मे महिन्याचा शेवटचा आठवडा चांगला. लहान हातोडीने बोल्टच्या डोक्यावर टिचकी मारावी. बसलेला बोल्ट खणखणतो, सैल झालेला बद्द वाजतो. भोवती गोल चीर, गंजाचा ओघळ, किंवा कंस व भिंत यांच्यात पूर्वी नसलेली फट दिसली तर नट आवळून समाधान मानू नये. आवळल्याने सुटलेली पकड परत येत नाही. ओझे उतरवावे आणि बोल्ट बदलावा. नवा बोल्ट जुन्याच भोकात घालू नये. भोकाच्या खोलीच्या दुप्पट अंतर सोडून नवे भोक घ्यावे, आणि जुने भोक न आकसणाऱ्या सिमेंटच्या गाऱ्याने भरून टाकावे.